शून्याखालचं पाणी

डलूथच्या बंदरावरचा पूल उचलला जातो
तेव्हा आम्ही रांगेत इंजिनं बंद करून बसतो,
आणि लोहखनिजाने पोट भरलेलं एक जहाज
कुणाला काही विचारायचं नसल्यासारखं
संथ निघून जातं.
त्याचे कागद कुठल्यातरी खणात असणारच.
माझे माझ्या मांडीवर आहेत.
कलम नऊ, उपकलम ख.

आमचा प्रोग्राम तळ्याची पातळी मोजतो. एवढंच.
वारा, बर्फ, बाष्प, नद्यांची आवक,
उद्या धक्क्याला पाणी कुठवर येईल त्याचा अंदाज.
फुकट आहे. कुणीही घ्या, उघडा, बदला, वाटा,
असं पहिल्या आठ कलमांत लिहिलंय,
लग्नपत्रिकेतल्या अगत्याने.
नववं मात्र दाराशी काठी घेऊन बसलंय:
याने अण्वस्त्रं बनवू नयेत. क्षेपणास्त्रं बनवू नयेत.
जंतूंचं युद्ध करू नये.
आणि पुढील देशांत हे नेऊ नये.

तळ्याच्या पाण्याचं क्षेपणास्त्र कसं करतात
हे मी गॉर्डन लिंडक्विस्टला विचारलं.
कलम त्याचंच. दोन हजार नऊ साली
एका प्रिंटरच्या परवान्यावरून आणून
आंब्याचं बांधावं तसं बांधलेलं, आणि जगलं.
"तेव्हा सगळेच घालायचे," तो म्हणाला,
मग तरुणपणातली गोष्ट काढली:
सांकेतिक लिपीचा कोड फ्लॉपीवर नेला तर शस्त्र,
कागदावर छापला तर नुसतं पुस्तक.
त्याच्या मित्राने चारशे पानं सुटकेसमध्ये भरली,
समुद्रापलीकडे कुणीतरी ती बसून पुन्हा टाइप केली.
"एक स्वल्पविराम चुकला, बस," गॉर्डन हसला.

गेल्या मंगळवारी ऊर्मियाहून आयसानचं पत्र आलं.
जपून पावलं टाकणारं इंग्रजी:
तुमचा प्रोग्राम आमच्या तळ्यावर बंद पडतो.
पातळी शून्याखाली गेली
की तो म्हणतो, असं पाणी नसतं.
इथे आहे. म्हणजे, होतं.
सोबत दुरुस्ती पाठवते. एकच ओळ आहे.

आमची शून्यरेषा आम्हीच आखलेली, निवांत खाली;
सुपीरियर तिथवर उतरेल असं
मनात आलं नव्हतं कुणाच्या.
ही चूक दिसायला
मीठ उरलेलं तळं लागतं,
आणि रुतलेल्या बोटींच्या सावलीत
लॅपटॉप घेऊन बसलेली एक बाई.

विद्यापीठाच्या विधी विभागाने कळवलं:
कोड जाहीर असल्याने बहुधा हरकत नसावी,
परंतु कलम आपलेच असल्याने
समिती नोव्हेंबरात बसेल.
तोवर उत्तर देऊ नये.

माझे वडील मिरजेच्या जकात नाक्यावर कारकून.
गुळाच्या ढेपा मोजायच्या, पावत्या फाडायच्या.
एकदा एक म्हातारी डोक्यावर घागर घेऊन आली.
"आत काय?"
"तहान."
त्यांनी म्हणे वहीत तसंच लिहिलं. जकात: निरंक.
ही गोष्ट ते दरवेळी वेगळी सांगायचे,
कधी घागरीऐवजी पाटी असायची,
कधी म्हातारीऐवजी पोर.
नाका आता नाही. तिथे मोबाइलचं दुकान आहे.

काल रात्री आयसानची दुरुस्ती न उघडता
मी स्वतः शोधायला बसले.
खोटी पातळी भरली: उणे एक.
असं पाणी नसतं, प्रोग्राम म्हणाला.
दोन वाजता एक ओळ लिहिली. चाललं.
मग तिची उघडून पाहिली.
ओळ तीच. सोडलेल्या जागाही तेवढ्याच.

बदलांच्या नोंदीत एक रकाना असतो,
कुणी सुचवलं.
तिचं नाव लिहावं तर कलम नऊ.
माझं लिहावं तर चोरी,
आणि तिच्यासाठी कुठल्याच परवान्यात कलम नाही.
'निरंक' लिहिलं. पुसलं.

पूल खाली आलाय.
मागची गाडी हॉर्न देतेय.